कच्च्या कैद्यांची गोष्ट

दोस्तांनो, तुरुंगातला प्रत्येक जण गुन्हेगार असतो का? ‘हो, उगाच का पोलीस धरतात!’ असं पटकन म्हणू नका बरं का! तुरुंगात ‘पक्के’ कैदी असतात, तसे ‘कच्चे’ही असतात. पक्के म्हणजे न्यायालयाने शिक्षा सुनावलेले. कच्चे म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेलाच नाही ते. गुन्हा सिद्ध होईपर्यंत कायदा त्यांना निर्दोषच मानतो. मग ते आत का? कित्येकदा कारण एवढंच, की जामिनाला पैसा नाही आणि जामीन मागायला वकील नाही.

१९७९ च्या जानेवारीत ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये बिहारच्या तुरुंगांची हकीकत छापून आली. कुणी पाच, कुणी सात, कुणी तर दहाहून जास्त वर्षं खटल्याची वाट बघत होतं. काहींवरचा आरोप इतका किरकोळ, की तो सिद्ध झाला असता तरी काही महिन्यांत घरी जाता आलं असतं! त्यांत मुलंसुद्धा होती. काही बायकांवर तर आरोपच नव्हता. त्या साक्षीदार होत्या, किंवा गुन्हा त्यांच्यावरच घडलेला. ‘संरक्षणासाठी’ म्हणून त्यांना तुरुंगात ठेवलं होतं. संरक्षण म्हणे!

ही बातमी घेऊन पुष्पा कपिला हिंगोरानी या वकीलबाई थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या. कैद्यांशी त्यांचं ना नातं ना गोतं. कैद्यांतल्याच एकीच्या नावावरून हा खटला ‘हुसैनआरा खातून खटला’ म्हणून ओळखला जातो. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी कित्येकांना जातमुचलक्यावर, म्हणजे पैसे न भरता नुसतं लिहून घेऊन, सोडायला सांगितलं. त्या बायकांनाही तुरुंगातून हलवायला लावलं. आणि ९ मार्च १९७९ ला बजावलं, की गरीब आरोपीला मोफत वकील मिळणं हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातला हक्कच आहे. उपकार नव्हे!

त्यासाठीचा कायदा १९८७ मध्ये झाला, पण लागू व्हायला ९ नोव्हेंबर १९९५ उजाडला. आता जिल्ह्याजिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरण आहे. कोठडीतल्या माणसाला, स्त्रियांना आणि तुमच्यासारख्या मुलांना तिथे फुकट वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही मदत मागता येते.

तरीही २०२२ च्या अखेरीस देशातल्या दर चार कैद्यांमागे तिघे कच्चेच होते. १ जुलै २०२४ पासून नवा नियम आलाय. आधी कधीच शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, की त्याला सोडण्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करायचा. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे किंवा अंगावर अनेक खटले असतील, तर मात्र ही सवलत नाही. आणि हा अर्ज करायचा कुणी? खुद्द तुरुंगाच्या अधीक्षकाने!