अंगणातल्या कॅफेचे दिवे: घरच्या प्लगवर भागेल का?

अंगणात लाकडी डेक टाकून चहा-नाश्त्याची चार टेबलं मांडायची, छान दिवे लावायचे. मग घरातून एक्स्टेंशन बोर्ड ओढायचा? अजिबात नाही! घरात 230 व्होल्ट येतात. ओली फरशी, अनवाणी पोरं आणि उघडा जोड म्हणजे जिवाशी खेळ.

सोपा मार्ग सांगतो. 12 व्होल्टचे एलईडी घ्या. 3 वॅटचे 20 दिवे म्हणजे 60 वॅट. ड्रायव्हर मात्र 80 ते 100 वॅटचा घ्या, म्हणजे तो तापणार नाही. ड्रायव्हर छपराखाली कोरड्या जागी बसवा, बाहेर फक्त 12 व्होल्ट जाऊ द्या. डेकमध्ये बसणारे दिवे आयपी 67 चेच घ्या, पाणी साचलं तरी टिकतात. लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि पक्कं अर्थिंग हवंच. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

आणि हो, घरगुती मीटरवर धंदा चालेल का, हे वीज कंपनीच्या कार्यालयात आधी विचारा. वापर अनधिकृत ठरला, तर वीज कायदा 2003 च्या कलम 126 नुसार दुप्पट दराने आकारणी होते. दिव्यांवर वाचवलेले चार पैसे तिथेच जातील. म्हणून वायरिंग आणि मीटरचा खर्च पहिल्याच दिवशी भांडवलात धरा!