हमी किती दिवसांची? वि. म. दांडेकरांनी मांडलेला गरिबीचा हिशोब

अनुशेषाचा विषय निघाला की विदर्भ-मराठवाड्यात ‘दांडेकर समिती’चं नाव आजही निघतंच. 1984 च्या त्या अहवालाने 3,186 कोटींचा अनुशेष मांडला. पण ज्यांच्या नावाने ही समिती ओळखली जाते, त्या विनायक महादेव दांडेकरांनी त्याच्या तेरा वर्षं आधी याहून मोठा हिशोब मांडला होता. देशातल्या गरिबातल्या गरीब माणसाला जगण्यापुरत्या कमाईची हमी द्यायची तर काय करावं लागेल, असा तो प्रश्न होता.

दांडेकर मूळचे साताऱ्याचे, जन्म 1920 चा. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत त्यांची हयात गेली, पुढे ते तिचे संचालक झाले. आकडे कागदावरून न घेता गावात जाऊन गोळा करायचे, ही त्यांची पद्धत. 1957 मध्ये त्यांनी आणि खुदानपूर यांनी कूळकायद्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. दप्तरी अनेक कुळांनी जमीन ‘राजीखुशीने’ सोडल्याच्या नोंदी होत्या. त्या खुशीत खुशी किती, हा सवाल त्या अभ्यासाने उभा केला. कायदा झाला म्हणजे हक्क मिळाला असं नसतं, हे त्यांना तेव्हापासूनच माहीत होतं.

1971 मध्ये दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचं ‘भारतातील दारिद्र्य’ आलं. माणसाला दिवसाला 2,250 उष्मांक मिळतील एवढं अन्न परवडायचं, तर 1960-61 च्या भावाने खेड्यात माणशी महिन्याला 15 रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये खर्च व्हायला हवा, असं त्यांनी धरलं. एवढंही ज्यांना जमत नाही असे लोक खेड्यात सुमारे 40 टक्के आणि शहरात जवळपास निम्मे निघाले. देशभर खळबळ उडाली.

मग उपाय काय? जमीन वाटा, असं त्या काळी अनेक जण म्हणत. दांडेकर-रथ यांचं उत्तर कडू होतं. सगळ्यांना पुरेल एवढी जमीनच नाही. गुंठ्या-गुंठ्याने वाटली तर वाटणाऱ्याचं समाधान होईल, घेणाऱ्याचं पोट भरणार नाही. त्यापेक्षा सरकारने सार्वजनिक कामं काढावीत, मागेल त्याला मजुरी द्यावी, आणि पैसा वरच्या थरातल्या श्रीमंतांच्या खर्चाला कात्री लावून उभा करावा. हा शेवटचा मुद्दा पुढे सोयीस्करपणे विसरला गेला.

हा हिशोब घरच्या भाषेत असा मांडता येतो. पाच माणसांचं कुटुंब, माणशी 15 रुपये, म्हणजे महिन्याला 75 आणि वर्षाला 900 रुपये. रोजची मजुरी तीन रुपये धरली, तर घरात 300 हजेऱ्या भरायला हव्यात. 100 भरल्या तर एक तृतीयांशच सुटतं. म्हणजे नुसतं ‘हमी’ म्हणून भागत नाही. दिवस किती आणि मजुरी किती, यावरच सगळं ठरतं.

याच सुमारास महाराष्ट्रात रोजगार हमी आकार घेत होती. तिचे जनक वि. स. पागे, त्यांनी साठच्या दशकात तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात याचा प्रयोग करून पाहिला होता. 1972 च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला, पाझर तलावावर आली. 1977 मध्ये कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. पैशासाठी व्यवसाय कर लावला गेला, म्हणजे शहरातल्या पगारदाराच्या पगारातून खेड्यातल्या मजुराची हजेरी. या राज्याच्या कायद्यात दिवसांची मर्यादा नव्हती. 2005 च्या केंद्रीय कायद्याने मात्र कुटुंबामागे वर्षाला 100 दिवस धरले.

 1980 मध्ये कुमुदिनी दांडेकर आणि मा. साठे यांनी रोजगार हमीची पाहणी प्रसिद्ध केली. कामावर येणारे खरोखर गरीबच होते, हे त्यात दिसलं.

या विचारात एक फट आहेच. ज्याच्या अंगात कष्टाचं बळ उरलेलं नाही, त्याला मजुरीची हमी काय कामाची? म्हातारी माणसं, अपंग, एकट्या बायका यांच्यासाठी थेट पैसेच लागतात. संजय गांधी निराधार योजना त्यातूनच आली. आता ‘लाडकी बहीण’चे 1,500 रुपये खात्यावर येतात, तेव्हा पारावर वाद रंगतो तो ‘फुकट की कष्टाचं’ यावर. दांडेकरांच्या पद्धतीने पाहिलं तर आधी विचारावं लागेल, की आजच्या भावाने एका माणसाचं महिन्याचं खाणं कितीला पडतं, आणि हे 1,500 त्यातलं किती भागवतात.

पीकविमा काढणाऱ्यालाही दांडेकरांचं बोट लागतंच. प्रत्येक शेत तपासणं अशक्य, म्हणून एका भागातलं सरासरी उत्पन्न धरून भरपाई द्यावी, ही मांडणी त्यांनी सत्तरच्या दशकात केली. 1979 मध्ये प्रायोगिक योजना आली, 1985 मध्ये देशव्यापी. ‘माझं शेत वाहून गेलं, पण मंडळाची सरासरी चांगली’ ही आजची तक्रार त्याच मांडणीतून निघते. 1995 मध्ये दांडेकर गेले.