पदवी हातात, पेशंट समोर

तिसरा मजला, लिफ्ट नाही. दार उघडते तेव्हा पलंगावर सत्तरीच्या आजी बसलेल्या असतात. गुडघ्याचे सांधेरोपण होऊन आठ दिवस झालेले. खोली दहा बाय बारा. कपाट आणि पलंग यांच्यामधून वॉकर आडवा करूनच न्यावा लागतो. संडास भारतीय पद्धतीचा, तोही गॅलरीच्या टोकाला. सूनबाई विचारतात, ‘‘मशीन नाही आणलं?’’ आजी म्हणतात, ‘‘जपून गं बाळा, दुखवू नकोस.’’ महिन्याभरापूर्वी इंटर्नशिप संपवलेल्या फिजिओथेरपिस्टला अशा वेळी कॉलेजचा विभाग आठवतो. तिथे चालायला शिकवण्यासाठी समांतर दांडे होते, भिंतभर आरसा होता आणि मुख्य म्हणजे अडले तर विचारायला शेजारी मॅडम होत्या.

हा प्रसंग कुणा एकीचा नाही. शिक्षण संपवून घरोघरी जाऊन उपचार देणाऱ्या, छोट्या क्लिनिकमध्ये किंवा नर्सिंग होममध्ये काम सुरू करणाऱ्या अनेकांचा पहिला महिना असाच जातो. गुडघा किती अंशांत वाकला पाहिजे, मांडीचा कोणता स्नायू आधी बळकट करायचा, हे तिला तोंडपाठ असते. आज संध्याकाळी आजी संडासला कशा जाणार, हा प्रश्न मात्र परीक्षेत आलेला नसतो. त्याचे उत्तर पुस्तकापेक्षा त्या खोलीतच असते: पलंग भिंतीला सरकवणे, पायपुसणे उचलणे, कमोडची खुर्ची आणणे, रात्री दिवा चालू ठेवायला सांगणे. अशा रुग्णाच्या बाबतीत पडण्याचा धोका टाळणे हाही उपचाराचाच भाग असतो.

साथीतून उभे राहिलेले शास्त्र

आपल्याकडे या शिक्षणाची सुरुवात मुंबईत झाली. पोलिओच्या साथीच्या पार्श्वभूमीवर १९५३ मध्ये केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने देशातील पहिले फिजिओथेरपी विद्यालय सुरू झाले. पुढे पदविकेची पदवी झाली आणि आपल्याकडे चार वर्षे शिक्षण व सहा महिने इंटर्नशिप हा साचा रुळला. केंद्राच्या २०२१ च्या कायद्याने या व्यवसायाला राष्ट्रीय आयोगाच्या कक्षेत आणले आणि फिजिओथेरपिस्ट स्वतंत्रपणे काम करू शकतो, हेही नोंदवले. आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात इंटर्नशिप वर्षभराची आहे.

स्वतंत्रपणे काम करण्याची मुभा मिळणे ही चांगली गोष्ट आहे. पण तिच्याबरोबर एक जबाबदारी येते. पूर्वी रुग्ण बहुधा डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन येई. निदान झालेले असे. आता कंबर धरून येणारा माणूस थेट आपल्यासमोर बसतो. त्याला तपासणारे आपण पहिलेच असू शकतो.

शेक देण्याआधीचे प्रश्न

पंचेचाळिशीचा एक गृहस्थ आला आहे असे समजा. ‘‘कंबरेत उसण भरलीय, जरा शेक द्या,’’ म्हणतो. बहुतेक कंबरदुखी साधीच असते. हालचाल चालू ठेवली आणि व्यायाम केला की काही आठवड्यांत ती बरीच कमी होते. पण या गर्दीत एखादा रुग्ण वेगळा असतो. मणक्याच्या खालच्या भागात नसांचा एक झुबका असतो. सरकलेल्या चकतीने तो दाबला गेला तर लघवी अडते किंवा तिच्यावरचा ताबा सुटतो, मांड्यांच्या आतली बाजू आणि बसायची जागा बधिर होते, दोन्ही पायांतली ताकद जाऊ लागते. अशा वेळी तातडीने शस्त्रक्रिया लागू शकते. उशीर झाला तर लघवी-शौचावरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. संध्याकाळचा बारीक ताप, घटणारे वजन आणि रात्री झोपू न देणारे दुखणे असेल तर मणक्याचा क्षयरोग किंवा गाठ यांचा विचार करावा लागतो. सांधेरोपणानंतर पोटरी सुजून दुखू लागली, तर शिरेत रक्ताची गुठळी झाली आहे का हे आधी पाहायचे, व्यायाम नंतर.

ही यादी प्रत्येक विद्यार्थ्याने पाठ केलेली असते. अडचण पुढेच आहे. ती त्याने इंग्रजीत पाठ केलेली असते आणि मराठीत मोठ्याने कधी उच्चारलेली नसते. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीने वडिलांच्या वयाच्या माणसाला ‘‘लघवीला त्रास होतो का? बसायची जागा बधिर वाटते का?’’ असे विचारणे सोपे नसते. संकोचाने प्रश्न गाळला जातो, तोही संकोचाने सांगत नाही आणि शेक सुरू होतो.

दुखण्याची आपली भाषाही शिकावी लागते. ठणका, कळ, चमक, रग, आग, मुंग्या हे सगळे शब्द ‘पेन’ या एका शब्दात बसवले की माहिती हरवते. ‘कंबरेतून पायात चमक जाते’ म्हणणाऱ्याची आणि ‘उभं राहून रग लागते’ म्हणणाऱ्याची तपासणी वेगळ्या दिशेने सुरू करावी लागते. ‘वात आहे’ म्हणणाऱ्याला हसू नये. नेमके कुठे, कधी आणि काय केल्यावर, ते विचारावे. हे शिकवायला यंत्र लागत नाही. वर्गात दोघांनी समोरासमोर बसून रुग्ण आणि फिजिओथेरपिस्ट व्हावे, तिसऱ्याने ऐकावे आणि कुठला प्रश्न राहिला ते सांगावे, इतके पुरे.

यंत्राचा मोह

सूनबाईंचा ‘मशीन नाही आणलं?’ हा प्रश्न चुकीचा म्हणता येत नाही. लोकांनी फिजिओथेरपी म्हणजे शेक, लाइट आणि करंट असेच पाहिले आहे. पण कंबरदुखीबाबत शास्त्र काय सांगते? ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अल्ट्रासाउंड, टेन्स, इंटरफेरेन्शिअल करंट आणि ट्रॅक्शन हे उपचार कंबरदुखीसाठी देऊ नयेत असे म्हटले आहे. भर आहे तो व्यायामावर आणि हालचाल चालू ठेवण्यावर.

नव्या पदवीधराला हे माहीत असते. तरीही ज्या क्लिनिकमध्ये दर सीटिंगमागे पैसे मिळतात, तिथे दहा दिवसांचे पॅकेज आणि पंधरा मिनिटांचे यंत्र हा सोपा रस्ता ठरतो. एकाच वेळी चार पलंगांवर चार यंत्रे लावता येतात. चार जणांचा व्यायाम मात्र एकाच वेळी नीट पाहता येत नाही. पगार कमी, रुग्ण जास्त आणि वर ‘पेशंट टिकला पाहिजे’ ही सूचना. अशा वातावरणात वर्षभरात हात यंत्राला सरावतात आणि चार वर्षांत शिकलेली विचार करण्याची सवय गंजते. हा दोष एकट्या नवशिक्याचा मानता येणार नाही. पण ‘‘तुम्हाला यंत्राची गरज नाही, हे तीन व्यायाम रोज करा, पुढच्या आठवड्यात या’’ असे शांतपणे पटवून देणे हेही कौशल्य आहे आणि ते कुणीतरी करून दाखवल्याशिवाय येत नाही.

पहिले वर्ष कुणाच्या हाताखाली?

इंटर्नशिप सहा महिन्यांवरून बारा महिन्यांवर गेली म्हणजे काम झाले असे नाही. विभाग बदलत राहिले, लॉगबुकवर सह्या होत राहिल्या आणि इंटर्न फक्त मोजपट्टी धरून उभा राहिला, तर वाढीव सहा महिने वायाच जातील. त्या वर्षात त्याने काही रुग्ण पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत स्वतः सांभाळावेत, वरिष्ठांबरोबर घरी जाऊन उपचार करावेत, सर्जनला दोन ओळींची नेमकी चिठ्ठी लिहावी, रोजची नोंद ठेवावी. आठवड्यातून एकदा ‘माझे कुठे चुकले’ हे न घाबरता सांगता येईल अशी बैठक हवी.

नोकरी देणाऱ्यांनीही पहिले सहा महिने एका अनुभवी व्यक्तीचे नाव नवशिक्याला द्यावे. अडले की फोन करायचा, कठीण रुग्ण एकत्र पाहायचा. घरी जाऊन काम करणाऱ्या मुलींसाठी तर हे सुरक्षिततेचेही आहे: कुठे जाते आहे, कधी निघणार, हे क्लिनिकमध्ये कुणाला तरी माहीत असावे आणि एखाद्या घरी अस्वस्थ वाटले तर पुन्हा न जाण्याची मुभा असावी.

सगळ्यात अवघड धडा मात्र एका वाक्याचा आहे: ‘‘हे माझ्या आवाक्यातले वाटत नाही, तुम्ही आधी डॉक्टरांना दाखवा.’’ असे म्हटल्याने रुग्ण जाईल, अशी भीती नव्या माणसाला वाटते. प्रत्यक्षात वेळेवर पुढे पाठवलेला रुग्ण बरा होऊन परततो आणि शेजाऱ्यालाही घेऊन येतो.

रुग्णांनी काय विचारावे?

आपण रुग्ण म्हणूनही हातभार लावू शकतो. फिजिओथेरपिस्टची नोंदणी आहे का, हे विचारावे. महाराष्ट्रात त्यासाठी राज्य परिषद आहे. पहिल्या भेटीत तपासणी न करता थेट यंत्र लावले तर कारण विचारावे. ‘किती दिवसांत काय जमू लागेल?’ आणि ‘घरी मी काय करायचे?’ या दोन प्रश्नांची उत्तरे मिळालीच पाहिजेत. समोरची व्यक्ती वयाने लहान असली तरी लघवी, शौच, ताप, वजन यांविषयी विचारल्यावर संकोच करू नये. ती आगाऊपणा करत नसते, आपले काम नीट करत असते.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या आजींना तीन आठवड्यांत गुडघा किती अंश वाकला हे कुणी विचारणार नाही. कुणाचा हात न धरता गॅलरीपर्यंत जाता येते का, एवढेच घरचे पाहतील. नव्या फिजिओथेरपिस्टची खरी परीक्षा तीच असते आणि त्या परीक्षेला तिला एकटीने बसवू नये.