वाग्मिता आणि वाचाळता : वाणीतील व लेखणीतील वक्तृत्व

‘वक्तृत्व’ हा शब्द मराठीत आज प्रामुख्याने व्यासपीठाशी निगडित झाला आहे. ओघवती वाणी, पल्लेदार वाक्ये आणि टाळ्यांचा कडकडाट एवढ्यापुरता त्याचा अर्थ संकुचित झालेला दिसतो. संस्कृत व्याकरणपरंपरेने मात्र या संदर्भात एक मार्मिक भेद केला आहे. पाणिनीने ‘वाच्’ या शब्दापासून ‘वाग्मी’ हे रूप एका प्रत्ययाने, तर ‘वाचाल’ आणि ‘वाचाट’ ही रूपे निराळ्या प्रत्ययांनी सिद्ध केली. पुष्कळ पण नीट बोलणारा तो वाग्मी. पुष्कळ आणि निरर्थक बोलणारा तो वाचाल, असा खुलासा पुढील वैयाकरणांनी केला. म्हणजे शब्दांची विपुलता दोघांतही समान असू शकते. त्यांना वेगळे करते ते बोलण्याचे मोल. मराठीने ‘वाचाळ’ हा शब्द निंदाव्यंजक अर्थासह जपला, ‘वाग्मी’ मात्र ग्रंथांपुरता उरला, ही गोष्ट सूचक आहे.

वाणीतील वक्तृत्व लेखणीत उतरते तेव्हा त्याचे स्वरूप पालटते. वक्त्याजवळ स्वराचा चढउतार, विराम, मुद्राभिनय आणि समोरचा श्रोता ही साधने असतात. श्रोत्याच्या चेहऱ्यावरील शंका पाहून तो दृष्टांत वाढवू शकतो. लेखकाला ही सर्व साधने वाक्यरचनेतूनच निर्माण करावी लागतात. प्रश्नार्थक वाक्ये, पुनरुक्ती, समतोल वाक्यखंड आणि काल्पनिक आक्षेपकाला दिलेली उत्तरे हे त्या अभावाची भरपाई करणारे उपाय होत.

या दृष्टीने शिवराम महादेव परांजपे (१८६४–१९२९) यांचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. परांजपे ख्यातनाम वक्ते होते आणि संस्कृत साहित्याचे व्यासंगीही. त्यांनी १८९८ मध्ये ‘काळ’ साप्ताहिक सुरू केले. त्याच वर्षी राजद्रोहाचे १२४अ हे कलम दुरुस्तीने अधिक व्यापक करण्यात आले होते. उघड टीका अशक्यप्राय झाली असता त्यांनी उपरोधाचा आश्रय घेतला. वरकरणी स्तुती आणि आतून निंदा, ही अलंकारशास्त्रातील व्याजस्तुती त्यांच्या हाती राजकीय शस्त्र बनली.

येथे वाणी आणि लेखणी यांतील अंतर स्पष्ट होते. भाषणात उपरोधाची खूण स्वरातून मिळते; छापील मजकुरात तो स्वर नसतो, तो वाचकाला मनोमन लावावा लागतो. वाणीच्या तुलनेत लेखणीची जी उणीव, तीच परांजप्यांच्या लेखनाची ढाल ठरली आणि वाचक लेखकाचा सहभागी झाला. ही ढाल अभेद्य मात्र नव्हती. १९०८ मध्ये त्यांना राजद्रोहाच्या आरोपावरून १९ महिन्यांची शिक्षा झाली आणि १९१० च्या मुद्रणविषयक कायद्यानंतर ‘काळ’ बंद पडला. वाचकाला उमगलेला स्वर सरकारलाही उमगला होता, असाच याचा अर्थ होतो.

या शैलीची मर्यादाही नोंदविली पाहिजे. दीर्घ रूपके आणि उपमांची मालिका दडपणाच्या काळात सार्थ होती. तो प्रसंग ओसरल्यावर तिचे अनुकरण केल्यास केवळ शब्दावडंबर हाती लागते. याउलट टिळकांच्या ‘केसरी’तील अग्रलेखांत अलंकरण बेताचे, युक्तिवाद सरळ, तरीही त्यांचा परिणाम उणा नव्हता. म्हणजे वक्तृत्व अलंकारांच्या संख्येवर अवलंबून नसते. अकराव्या शतकात क्षेमेंद्राने काव्याचे जीवित म्हणून जे औचित्य सांगितले, तेच वक्तृत्वालाही लागू पडते. प्रसंग, विषय आणि श्रोता यांना साजेसा शब्द हीच त्याची कसोटी होय.

वक्तृत्व स्पर्धांत पाठांतर, आवाज आणि हावभाव यांना गुण देणे सोपे असते. औचित्याचे मापन कठीण असते. तथापि कठीण म्हणून ते वगळले, तर अध्यापनातून वाग्मीऐवजी वाचाळ घडण्याचा धोका संभवतो. भाषणाचे लिखित रूप विद्यार्थ्याकडून पुन्हा वाचून घेणे, आणि स्वर वजा केल्यावर त्यात काय उरते हे पाहणे, हा त्यावरील एक साधा उपाय होय. जे उरते, तेवढेच वक्तृत्वातील विचारधन.