विद्यार्थ्यांच्या हाती जगाचे प्रश्न

परराष्ट्रधोरण हा विषय मंत्र्यांचा, वकिलातींचा आणि फार तर प्राध्यापकांचा, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. कामगाराने पगाराचे पाहावे, विद्यार्थ्याने परीक्षेचे पाहावे. लढाई-तहाचे काय ते शहाणी माणसे पाहतील! आम्हां चळवळीतल्या माणसांना ही समजूत कधीच पटली नाही. कारण साधे आहे.

१९१९ साली वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी तेथे हजर होते. सर्वसाधारण नियम ठरला तो आठवड्याला ४८ तासांचा. हिंदुस्थानसाठी मात्र ६० तासांचा. १९२२ च्या फॅक्टरी कायद्यात हाच आकडा आला. म्हणजे मुंबईच्या गिरणीकामगाराच्या घामाचे माप सातासमुद्रांपलीकडच्या टेबलावर ठरले. मग त्या टेबलाविषयी प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणाचा?

हा अधिकार पदावर अवलंबून नसतो, हे दाखवून देणारे एक नियतकालिक लंडनमध्ये निघते. त्याचे नाव ‘मिलेनियम’. ते ‘लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स’ या संस्थेत १९७१ साली सुरू झाले. ही संस्था म्हणजे ब्रिटिश कामगार संघटनांचा इतिहास लिहिणाऱ्या सिडनी व बिअ‍ॅट्रिस वेब या दांपत्याने सहकाऱ्यांसह १८९५ मध्ये काढलेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथेच अभ्यास करून १९२३ मध्ये डी.एस्‌सी. पदवी मिळवली. मासिक सुरू करण्याच्या कामी प्रा. नॉर्थएज यांचा मोठा हातभार लागला. पण संपादन आजतागायत पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडे आहे. वर्षातून तीन अंक निघतात, आणि एक परिषदही भरते.

आता कोणी म्हणेल, पोरांचे मासिक, त्याला किंमत ती काय? तर कामाची रीत पाहावी. आलेला लेख लेखकाचे नाव झाकून जाणकारांकडे तपासणीस जातो. नाव मोठे की लहान, हे तपासणाऱ्याला कळत नाही. पाहायची ती मांडणी आणि पुरावा. संपादक मात्र बदलत राहतात. यात तोटा आहे. हात बसतो तोच जायची वेळ येते. पण लाभही आहे. खुर्ची कोणाची मिरासदारी होत नाही, आणि जपायला खुर्चीच नसल्यामुळे अवघड प्रश्नाला दार उघडण्याचे भय वाटत नाही. संघटनेच्या कार्यकारिणीविषयी आमचा अनुभव हाच आहे.

या उघड्या दारातून काय आत आले? दोन उदाहरणे पुरेत. रॉबर्ट कॉक्स हे कॅनडाचे गृहस्थ. जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार कचेरीत सुमारे २५ वर्षे नोकरी करून ते प्राध्यापक झाले. १९८१ मध्ये त्यांचा एक लेख ‘मिलेनियम’ने छापला. जगाची घडी आहे तशी धरून डागडुजी सांगणारे शास्त्र वेगळे, आणि ही घडी बसली कशी, ती बदलेल कशी, हे विचारणारे शास्त्र वेगळे. कोणतेही शास्त्र कोणाच्या तरी बाजूचे असते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा मथितार्थ. राष्ट्रांच्या हिशेबात त्यांनी उत्पादन आणि श्रम यांनाही जागा दिली. हा लेख पुढे फार गाजला.

दुसरे उदाहरण १९८८ चे. त्या वर्षी ‘स्त्रिया आणि आंतरराष्ट्रीय संबंध’ या विषयावर खास अंक निघाला. राष्ट्राचे बळ, राष्ट्राची सुरक्षितता या शब्दांचे अर्थ पुरुषांच्याच अनुभवावरून बेतले गेले नाहीत काय, असा सवाल जे. अ‍ॅन टिकनर यांनी त्यात केला. युद्धात घर सांभाळणारी, रेशनच्या रांगेत उभी राहणारी बाई ज्या शास्त्राला दिसत नाही, ते शास्त्र अपुरेच म्हटले पाहिजे.

एक तक्रार मात्र आम्ही नोंदवतो. या मासिकाची भाषा बहुधा विद्वानांनाच उमगेल अशी असते. ज्याच्या श्रमाविषयी लिहायचे त्याला ते वाचता येऊ नये, हे बरे नव्हे. ती उणीव भरून काढणे आपल्या हाती आहे. महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकावर, वाचनालयाच्या हस्तलिखितात जगाचे प्रश्न सोप्या मराठीत मांडता येतील. तेलाचा भाव, परदेशी गेलेल्या कामगाराचा करार, युद्धाने बंद पडलेली बाजारपेठ: विषयांना तोटा नाही. त्यासाठी पदवी लागत नाही. प्रश्न नीट विचारावा, पुरावा जवळ ठेवावा आणि पाळी संपली की खुर्ची पुढच्याला द्यावी, एवढी शिस्त असली म्हणजे पुरे.