चुलीपाशी राखलेला धर्म

आषाढी एकादशी जवळ आली, की टेंभुर्णीस महामार्ग सोडून पंढरीकडे वळणाऱ्या वाहनांची रीघ लागते आणि घरोघरी वरी-साबुदाण्याची तयारी सुरू होते. याच सुमारास कोकणातील बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी, एक कडक उपवास पाळतात. त्यांचा आव महिना आपल्या महिन्यांप्रमाणेच अमावास्येनंतर सुरू होतो. त्यामुळे त्यातील नवमी काही वर्षी आषाढ शुद्ध नवमीलाच येते. जेरुसलेमचे मंदिर प्रथम बाबिलोनच्या राजाने व पुढे इ. स. ७० मध्ये रोमनांनी उद्ध्वस्त केले, त्या शोकाचा हा दिवस. वालाच्या बिरड्यावरून कोकणात त्याला नाव पडले ‘बिरड्याचा सण’!

या समाजाची परंपरा सांगते, की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले. सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. धर्मग्रंथ मात्र समुद्रात बुडाले. पुढील पिढ्यांनी तेलाचा घाणा चालविला, परंतु शब्बाथला, म्हणजे शनिवारी, तो बंद ठेवला. म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले.

ग्रंथ नव्हते, तेव्हा धर्म सांभाळला तो चुलीने. वल्हांडणाच्या आठ दिवसांत आंबवलेले अन्न वर्ज्य. म्हणून आंबट कालवणाचे भांडे झाकून ठेवीत. प्रायश्चित्ताच्या दिवशी दारे बंद करून दिवसभर निर्जळी उपवास करीत. तो ‘दारफळणीचा सण’. मांसाबरोबर दूध निषिद्ध, म्हणून कालवणात नारळाचे दूध घालीत.

पुढे दाविद रहाबी नावाचे धर्मज्ञ कोकणात आले. त्यांनी परीक्षेसाठी स्त्रियांपुढे नाना जातींची मासळी ठेविली, अशी आख्यायिका आहे. स्त्रियांनी पर व खवले नसलेली मासळी निमूटपणे बाजूस सारली. तौरातचा नियम तोच आहे. ‘हे आपलेच बांधव’, अशी रहाबींची खात्री पटली. त्यांनी काहींना धर्मविधी शिकविले, आणि १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर उभारले.

१९४८ नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली. येथे आज काही हजारच लोक उरले आहेत. तरीही पोहे, नारळ व फळे यांचा ‘मलिदा’ एलियाहू पैगंबराच्या नावाने दोन्ही देशांत होतो.

उपवासाला काय चालते, काय चालत नाही, हे आपल्याकडेही सासू सुनेला पोथी न उघडताच सांगते. तिच्या त्या सांगण्याचे मोल किती, ते कोकणच्या किनाऱ्यावरील त्या स्त्रियांनी दाखवून दिले आहे.