कोणती विद्या शिकावी? आधी हेतू ठरवावा

उन्हाळी सुट्या लागल्या की कराटे, ज्युदो, तायक्वांदोच्या शिबिरांची पत्रके घरोघर येतात. शेजारच्या मुलाने नाव घातले म्हणून आपणही घालतो. बँकेत ठेव ठेवताना हेच पालक मुदत किती, पैसा कशासाठी लागणार, हे दहा वेळा विचारतात. मुलाची दोन-तीन वर्षे गुंतवताना मात्र विचारत नाहीत. म्हणून हा लेखप्रपंच.

आपल्या वऱ्हाडाला हा विषय नवा नाही. अचलपूरहून सुमारे पन्नास किलोमीटरवर अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. वैद्य बंधूंनी ते १९१४ साली स्थापन केले. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. तेव्हा चांगले शिक्षण फक्त पुण्या-मुंबईलाच मिळते, असा समज करून घेऊ नये.

आता हेतूनुसार विचार करू.

पहिला हेतू आरोग्याचा. शरीर कमावणे व चपळाई एवढेच हवे असेल तर मल्लखांब, जोर-बैठका, लाठी-काठी यांना तोड नाही. खर्च कमी आणि सराव बारा महिने. कुस्तीने ताकद व दम दोन्ही वाढतात. मात्र तिला खुराक आणि नियमित झोप लागते. घरची ऐपत पाहूनच हौदात उतरावे.

दुसरा हेतू स्वसंरक्षणाचा. मुलींच्या पालकांना हीच काळजी अधिक असते. ज्युदोत सर्वप्रथम पडायचे कसे ते शिकवतात, आणि पकडीतून सुटण्याचा सराव प्रत्यक्ष जोडीदाराबरोबर होतो. कराटेत हातापायांचे प्रहार असतात; पण हवेत मारलेल्या शंभर ठोशांपेक्षा समोर माणूस उभा असताना केलेला सराव उपयोगी पडतो. तीन दिवसांच्या शिबिराने धीर येतो, कौशल्य येत नाही. संकटात पहिले काम म्हणजे ओरडणे, निसटणे व ११२ क्रमांक फिरवणे. हे जो शिक्षक सांगत नाही, त्याच्याकडे मुलीला पाठवू नये.

तिसरा हेतू स्पर्धेचा. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. २०१६ साली साक्षी मलिकने कुस्तीतच कांस्यपदक आणले. ज्युदो १९६४ पासून ऑलिम्पिकमध्ये आला, तायक्वांदोला २००० साली पूर्ण स्थान मिळाले. कराटे मात्र टोकियोला एकदाच खेळला गेला आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नव्हता. मोठी स्वप्ने पाहणाऱ्याने एवढे तरी माहीत करून घ्यावे.

चौथा हेतू नोकरीचा, आणि आपल्या मुलांचे सर्वाधिक नुकसान येथेच होते. रंगीत पट्टा ही त्या संस्थेने दिलेली पायरी आहे, शासकीय प्रमाणपत्र नव्हे. राज्य शासनाच्या नोकरभरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण खेळ शासनाच्या यादीतील हवा, स्पर्धा विहित दर्जाची हवी आणि प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी व्हावी लागते. एखाद्या खाजगी संघटनेच्या 'राष्ट्रीय' स्पर्धेचे सुवर्णपदक येथे कवडीमोल ठरू शकते. म्हणून फी भरण्यापूर्वीच जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी करावी.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांनी तर आणखी सावध असावे. शिपाई पदाच्या शारीरिक चाचणीत मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धावणे, शिवाय दोघांनाही १०० मीटर धावणे व गोळाफेक असते. पन्नासपैकी पस्तीस गुण धावण्याचेच आहेत. अशा विद्यार्थ्याने पहाटे मैदान गाठावे. पट्टा नंतर बांधावा.

काही पत्रकांत बोधिधर्म व शाओलिन मठाची कथा छापून आपल्या समाजाला आवर्जून बोलावले जाते. कथा सुंदर आहे. पण त्या भिक्खूने युद्धकला शिकविल्याचा समकालीन पुरावा नाही आणि संशोधक ती फार नंतरची मानतात. श्रद्धेवर नव्हे, शिक्षकावर वर्ग निवडावा.

शिक्षक कसा पाहावा? एक दिवस गुपचूप बसून सराव बघावा. आधी अंग गरम करून घेतो का, खाली चटई किंवा मऊ माती आहे का, दुखापत झाल्यास काय करतो, लहानांना मोठ्यांशी लढवतो का, मुलींना निर्धास्त वाटते का, हे पाहावे. वर्षभराची फी एकदम मागणाऱ्यास महिन्याची द्यावी. सर्व परीक्षांचा व पट्ट्यांचा खर्च आधीच लिहून मागावा.

विद्यार्थी मित्रांनो, कोणती विद्या श्रेष्ठ, या वादात वेळ दवडू नका. 'मला हे कशासाठी हवे?' या प्रश्नाचे एका ओळीत उत्तर वहीत लिहा आणि ते आईवडिलांना वाचून दाखवा. उत्तर नीट लिहिता आले की वर्ग निवडणे अवघड राहत नाही. मग किमान एक वर्ष तो सोडू नका.